आस्टा नील्सन अर्धी नको, अख्खी दाखवा : फिल्म सोसायटीवाल्यांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

महाराष्ट्रात जिथे जिथे फिल्म सोसायटी नाहीतर फिल्म क्लब चालतो तिथल्या सगळ्यांना हे पत्र आहे. पुण्या-मुंबईच्या मोठ्या लोकांना आहेच, आणि तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये पडदा बांधून महिन्याला एक सिनेमा लावणाऱ्या दोन-तीन पोरांनाही आहे. मी बावीस वर्षं तुमच्या खुर्च्यांवर बसलेय, तुमच्यामुळेच मला जगातला सिनेमा कळला, त्यामुळे आधी मनापासून आभार, आणि मग एक गोष्ट जी बरीच वर्षं मनात राहिलीय ती सांगते.

काही वर्षांपूर्वी एका सोसायटीने दिग्दर्शक पाब्स्टचा 1925 चा मूकपट लावला होता, 'डी फ्रॉइडलोझे गासे', म्हणजे आनंद हरवलेली गल्ली. पत्रकावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, ग्रेटा गार्बोचा सुरुवातीचा सिनेमा. मी गार्बोसाठी गेलेच नव्हते, मी डेन्मार्कच्या आस्टा नील्सन या नटीसाठी गेले होते, कारण मारिया नावाच्या मुलीचं तिचं काम मी वाचून वाचून डोक्यात साठवलं होतं. पहिल्या महायुद्धानंतरचं व्हिएन्ना, महागाईने पार कंबरडं मोडलेलं शहर, खाटकाच्या दुकानासमोर रात्रभर बायका रांगेत उभ्या आणि तो खाटीक कुणाला मांस द्यायचं ते बायकांकडे बघून ठरवतो. त्या रांगेत आस्टा दिसली, मोठे काळे डोळे, काहीच भाव नाही असा चेहरा. मग आणखी थोडी दिसली. आणि मग गायबच झाली. सिनेमा गार्बोच्या मागे निघून गेला आणि संपला. दिवे लागल्यावर शेजारचे एक आजोबा मला म्हणाले, ती काळ्या डोळ्यांची पोरगी कुठे गेली हो मधेच?

घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं की आम्हाला दाखवली ती कापलेली प्रिंट होती. हा सिनेमा देशोदेशीच्या सेन्सॉरने आणि वितरकांनी इतका कापला की कापाकापीत आस्टाची आख्खी गोष्टच निघून गेली. मूळ सिनेमात मारिया मत्सराने एका बाईचा खून करते, आळ तिच्याच प्रियकरावर येतो, आणि शेवटी ती कबुली देते. सिनेमाचा अर्धा जीव त्यात आहे. पुढे गार्बो हॉलिवूडला जाऊन मोठी झाली तशी लोकांनी तिचाच भाग तेवढा ठेवला. म्युनिकच्या फिल्म म्युझियमने तुकडे जमवून अडीच तासांच्या आसपासची प्रिंट पुन्हा उभी केलीय आणि तीत आस्टा आहे, सगळी आहे. पण आमच्याकडे आली ती छोटीच. त्या सोसायटीच्या मंडळींचा मी राग धरला नाही, त्यांना मिळाली ती त्यांनी लावली. पण वाईट वाटलं ते आजही गेलेलं नाही, कारण जिला 1911 ते 1914 मध्ये युरोपातली सगळ्यात मोठी स्टार मानायचे तिला आमच्या हॉलमधल्या पन्नास लोकांनी रांगेतली कुणीतरी म्हणून बघितलं.

म्हणून ती कोण होती ते आधी सांगते, कारण सिनेमा लावण्याआधी दहा मिनिटं बोलायला तुमच्यापैकी कुणीतरी उभं राहतंच, त्याला उपयोग होईल.

11 सप्टेंबर 1881, कोपनहेगनमधली व्हेस्टरब्रो वस्ती, कामगारांची. वडील लोहार, पण बऱ्याचदा काम नसायचं, आई लोकांचे कपडे धुवायची. काही वर्षं समुद्रापलीकडे स्वीडनमधल्या माल्मोला काढली, वडिलांना तिथे गिरणीत काम मिळालं म्हणून, मग परत कोपनहेगन. आस्टा चौदा वर्षांची असताना वडील गेले. अशा घरातली पोरगी अठराव्या वर्षी रॉयल डॅनिश थिएटरच्या अभिनय शाळेत शिरली, पेटर येर्नडॉर्फ नावाच्या नटाने तिला शिकवलं. शिकत असतानाच 1901 मध्ये तिला मुलगी झाली, येस्टा. लग्न झालेलं नव्हतं. वडील कोण हे तिने जन्मभर कुणाला सांगितलं नाही, आई आणि मोठ्या बहिणीच्या मदतीने पोरीला वाढवलं. 1900 सालचा काळ डोळ्यापुढे आणा आणि मग विचार करा की वीस वर्षांच्या पोरीने हे किती ताठ मानेने निभावलं असेल.

नाटकात मात्र तिचं काही खास जमलं नाही. डागमार थिएटरला काम केलं, नॉर्वे-स्वीडनमध्ये फिरत्या कंपन्यांबरोबर दौरे केले, 1907 पासून कोपनहेगनच्या न्यू थिएटरमध्ये होती. आवाज खोल, अंग किडकिडीत, चेहरा त्या काळच्या गोंडस नायिकेसारखा अजिबात नाही. त्यामुळे मोठ्या भूमिका दुसरीकडेच जायच्या. आपल्या अंगात काय आहे ते तिला माहीत होतं आणि दाखवायला जागा नव्हती, नट लोकांना हे दुखणं वेगळं समजावून सांगायला नको.

मग न्यू थिएटरमधलाच उर्बन गाड आणि तिने मिळून ठरवलं की सिनेमा करायचा, निदान तो बघून तरी नाटकवाले चांगलं काम देतील! म्हणजे सिनेमा हा तेव्हा अर्ज होता, नोकरीचा. (या उर्बनची आई एमा गाड, ती नाटककार आणि पुढे चारचौघांत कसं वागावं यावर डेन्मार्कमधलं सगळ्यात प्रसिद्ध पुस्तक लिहिणारी, आणि मुलाने काढलेला पहिलाच सिनेमा असा की सभ्य लोकांची झोप उडाली.) कोस्मोरामा या सिनेमाच्या थिएटरचा मालक याल्मार डेव्हिडसन याने पैसे घातले, आठवड्याभरात शूटिंग उरकलं आणि 12 सप्टेंबर 1910 ला, आस्टाच्या एकोणतिसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, त्याच कोस्मोरामात 'आफग्रुन्डन' लागला. आफग्रुन्डन म्हणजे खोल दरी.

हा सिनेमा पाऊण तासाचाही नाही. माग्डा पियानो शिकवणारी मुलगी, ट्राममध्ये तिची एका पाद्र्याच्या मुलाशी ओळख होते, लग्न ठरतं, त्याच्या घरी राहायला जाते, तिथे गावात सर्कस येते आणि सर्कसमधल्या रुडॉल्फबरोबर ती पळून जाते. रुडॉल्फचं काम पॉल रॉयमर्टने केलं, जो पुढे डॅनिश रंगभूमीचा फार मोठा नट झाला. तुम्ही सगळ्यांनी या सिनेमातला एक तुकडा नक्की बघितलाय, ती दोराने रुडॉल्फला बांधते आणि त्याच्याभोवती, त्याला घासून नाचते, तो. सिनेमाच्या इतिहासावरच्या प्रत्येक कार्यक्रमात हा दोन-तीन मिनिटांचा नाच असतो, खाली लिहितात पहिला कामुक नाच वगैरे, टाळ्या पडतात आणि पुढचा तुकडा सुरू. माझी तक्रार नाचाबद्दल नाही, नाच भन्नाटच आहे. पण त्या नाचानंतर काय होतं ते कोण दाखवणार?

शेवट बघा. रुडॉल्फ तिला मारझोड करतो, ती त्याला सुरा मारते, तो पडतो, आणि मग ज्याला ती इतका वेळ घाबरत होती, तिरस्कार करत होती त्या माणसाच्या प्रेताला ती बिलगते. पोलीस येतात. तिला घेऊन पायऱ्या उतरतात. ती चालत येते कॅमेऱ्याच्या दिशेने आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच नाही, रडणं नाही, हात कपाळावर मारणं नाही, डोळे उघडे पण बघत नाहीत, हात नुसते लोंबतात. 1910 मध्ये पडद्यावरचे बाकीचे लोक दुःख झालं की दोन्ही हात आभाळाकडे करायचे, आणि ही बाई काहीच न करता चालत आली. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा लॅपटॉप बंद करून नुसती बसून राहिले. अभिनयात कमी करणं म्हणजे काय ते तिने नऊ-दहा वर्षं नाटकात दुय्यम कामं करता करता शिकून ठेवलं होतं, आणि कॅमेरा जवळ आल्या आल्या तिला समजलं की याला खालचा स्वर पुरतो.

सिनेमाचा धंदा तिच्यामुळे कसा बदलला ते तर आपल्याकडे कुणी सांगतच नाही. तोपर्यंत सिनेमे मीटरवर विकायचे, कापडासारखे. ज्याने प्रिंट घेतली त्याने कुठेही लावावी, एकाच गावात चार थिएटरांत तोच सिनेमा. जर्मनीत 'आफग्रुन्डन' आला तेव्हा ड्युसेलडॉर्फच्या लुडविग गॉटशाल्क या वितरकाने तो वेगळ्याच पद्धतीने दिला, एका भागात एकाच थिएटरला हक्क, ज्याला पाहिजे त्याने जास्त पैसे मोजायचे. मोनोपोल फिल्म म्हणायचे याला. हे चाललं कारण लोक सिनेमा बघायला येत नव्हते, आस्टाला बघायला येत होते. लगेच 1911 मध्ये जर्मनीतल्या पॉल डेव्हिडसन या निर्मात्याने तिच्याशी करार केला, तिच्या नावाची मालिकाच, वर्षाला ठरावीक सिनेमे, आणि थिएटरवाले सिनेमा तयार व्हायच्या आधीच अख्खी मालिका बुक करायचे. स्टारच्या नावावर सिनेमा आगाऊ विकला जाणं आज आपल्याला नेहमीचं वाटतं, ते इथून सुरू झालं असं म्हटलं तर चूक नाही. आणि ही स्टार एका धुणं धुणाऱ्या बाईची पोरगी.

ती आणि उर्बन जर्मनीत गेले, 1912 मध्ये लग्न केलं, पुढे वेगळे झाले, ते सगळं फार लांबवत नाही. एकूण सत्तरवर सिनेमे केले आणि त्यातले फक्त चार डेन्मार्कमध्ये! बाकी सगळे जर्मनीत. आणि काय काय केलं बघा. मताधिकारासाठी लढणारी बाई, जिप्सी मुलगी, डाकू. 'एंगेलाइन' नावाच्या विनोदी सिनेमात तर तिशी ओलांडलेली आस्टा सतरा वर्षांची मुलगी झालीय आणि ती सतरा वर्षांची मुलगी अमेरिकेहून आलेल्या नातेवाइकाला फसवायला बारा वर्षांची असल्याचं सोंग करते, एकावर एक असं. त्या मुलीचं नाव सिनेमात येस्टा आहे, तिच्या स्वतःच्या मुलीचं. हा सिनेमा लहान पोरांना दाखवा, हसून हसून पडतील.

तिच्या 1913 च्या वर्षाशेजारी आपलं 1913 ठेवून बघा. तेव्हा दादासाहेब फाळक्यांना तारामती करायला बाई मिळेना, शेवटी ग्रँट रोडच्या हॉटेलात काम करणाऱ्या साळुंक्यांना साडी नेसवून 'राजा हरिश्चंद्र' झाला, आणि त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई उभ्या राहिल्या. त्या दोघींना काय ऐकून घ्यावं लागलं असेल ते आपल्याला माहीत आहे. म्हणून मला आस्टा परकी वाटत नाही, दुर्गाबाईंच्या रांगेतलीच वाटते, एकटीने मुलगी वाढवत कामाला उभी राहिलेली.

आणि आता 'हॅम्लेट'. माझ्या पत्राचा खरा मुद्दा हाच आहे म्हटलं तरी चालेल. 1920 मध्ये आस्टाने स्वतःची कंपनी काढली आणि पहिलाच सिनेमा 'हॅम्लेट', 1921 ला लागला, दिग्दर्शक स्वेन गाडे आणि हाइन्झ शाल. हॅम्लेट आस्टा. पण फ्रेंच नटी सारा बर्नहार्टने स्टेजवर पुरुष म्हणून केला तसा नाही. एडवर्ड व्हायनिंग नावाच्या अमेरिकन माणसाने 1881 मध्ये, म्हणजे आस्टा जन्मली त्याच वर्षी, एक पुस्तक लिहून म्हटलं होतं की हॅम्लेट मुळात मुलगीच असली पाहिजे. सिनेमाने ते धरलं. राजा लढाईत मेल्याची बातमी येते त्याच वेळी राणीला मुलगी होते, गादी जाईल या भीतीने राणी मुलगा झाला म्हणून जाहीर करते, मग राजा जिवंत परत येतो आणि आता खोटं मागे घेता येत नाही. त्या पोरीचं आख्खं आयुष्य त्या एका खोट्यात. ती होरेशियोवर प्रेम करते, बोलू शकत नाही, होरेशियोचा जीव ऑफेलियावर, हॅम्लेट ऑफेलियाला जवळ ओढते ती फक्त होरेशियोपासून तोडायला. काळा घट्ट अंगरखा, कापलेले केस, पायऱ्यांवर पाय पसरून बसलेली. आणि शेवटी ती मरते तेव्हा होरेशियो तिला उचलायला जातो, त्याचा हात तिच्या छातीवर पडतो, आणि त्याला कळतं. ती गेल्यावर कळतं. तेव्हा तो तिला पहिल्यांदा जवळ घेतो.

आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात बसून ज्याचं 'विकारविलसित' केलं, गणपतराव जोशांनी ज्याच्यावर महाराष्ट्र वेडा केला, तो हा हॅम्लेट. आपल्या माणसाला हॅम्लेट समजावून सांगावा लागत नाही. शिवाय 1921 हे वर्ष बघा, त्याच वर्षी जुलैत मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं, केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. इथे पुरुष बाई होऊन लोकांना रडवतोय आणि तिकडे बर्लिनमध्ये बाई पुरुषाचं सोंग घेऊन जन्म काढणारी बाई होतेय. हे दोन्ही एकत्र ठेवून एक संध्याकाळ करा ना कुणीतरी. रंगीत टिंट असलेली जुनी प्रिंट सापडल्यावर 'हॅम्लेट' दुरुस्त होऊन 2007 ला बर्लिनच्या महोत्सवात दाखवलाय, म्हणजे चांगली प्रिंट जगात आहे. मागितली तर मिळेल, मागायला हवी.

पुढचं थोडक्यात सांगते. 1927 च्या 'डिर्नेनट्रागेडी'मध्ये वय झालेली वेश्या, जी एका तरुण पोराच्या आशेवर साठवलेल्या पैशांतून मिठाईचं दुकान घेते. बोलपट फक्त एक, 1932 चा. बाल्टिक समुद्रातल्या हिडेनझे बेटावर तिचं एक गोल घर होतं, 'कारुझेल' नावाचं, मॅक्स टाउटने बांधलेलं, आज तिथे तिच्या आठवणी जपल्यात.

मग नाझी आले. हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सने तिला स्वतःचा स्टुडिओ द्यायची तयारी दाखवली, हिटलरने चहाला बोलावून तुमच्यासारखी माणसं पडद्यावर किती उपयोगी आहेत ते समजावलं, हे तिनेच नंतर सांगितलंय. पन्नाशी उलटलेली, हातात काम नसलेली नटी, आणि समोर पाहिजे ते मागा म्हणणारी माणसं. तिने नाही म्हटलं आणि 1936-37 च्या सुमारास जर्मनी सोडून डेन्मार्कला परत आली. तिथून जर्मनीतल्या ज्यू लोकांना मदत पोचवायला पैसे देत राहिली, ती मदत पोचलेल्यांत डायऱ्या लिहिणारे प्राध्यापक व्हिक्टर क्लेम्पेरर पण होते.

आणि तिच्या देशाने काय केलं? फार काही नाही. स्टेजवर थोडी कामं मिळाली, सिनेमा एकही नाही. डेन्मार्कमध्ये तेव्हा सिनेमाचं थिएटर चालवायला सरकारी परवाना लागायचा आणि कलावंतांना तो मानाचा म्हणून, पोटापाण्याची सोय म्हणून द्यायचे. दिग्दर्शक ड्रायरला 1952 मध्ये डागमार नावाच्या सिनेमा थिएटरचा मिळाला. आस्टाने मागितला, तिला मिळाला नाही. मला हे वाचून तिच्या सिनेमातल्या कुठल्याही मरणापेक्षा जास्त लागलं. मग तिने लिहायला घेतलं, 1945-46 मध्ये आत्मचरित्र आलं, दोन भागांत. कापडाचे तुकडे चिकटवून चित्रं करायला लागली. 1964 मध्ये येस्टा गेली, तिने स्वतःचा जीव घेतला, तेव्हा आस्टा ब्याऐंशी-त्र्याऐंशीची. 1968 मध्ये तिने स्वतःवरचा लघुपट स्वतःच दिग्दर्शित केला, 1970 मध्ये अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी लग्न केलं, आणि मे 1972 मध्ये गेली, नव्वद वर्षांची होऊन. तिच्या एका मित्राने फोनवरच्या गप्पा टेप करून ठेवल्या होत्या, तो खोल आवाज, ज्याच्यामुळे नाटकात कामं मिळाली नाहीत असं म्हणतात, तो आज आपल्याला त्या टेपांमुळे ऐकायला मिळतो.

तर मंडळी, मागणं एवढंच आहे. तिचा तुकडा दाखवू नका, सिनेमा दाखवा. गल्लीचा सिनेमा लावाल तर लांबी आधी तपासा, तास-दीड तासाची प्रिंट आली तर समजा आस्टा कापलेली आहे, आणि निदान तसं लोकांना सांगा. मूकपट सेकंदाला चोवीस फ्रेमच्या स्पीडने पळवू नका, हे सिनेमे सोळा-अठरा फ्रेमच्या आसपास हाताने फिरवून काढलेले असतात, वेगात लावले की माणसं तुरुतुरु पळतात, हॉल हसतो आणि आस्टाचं ते हळू चालत येणं मातीत जातं. यूट्यूबवरून उतरवलेल्या कॉपीला मागे लावलेलं कसलंही पियानोचं संगीत चालू देऊ नका, आवाज बंद करा. आपल्याकडे गावोगावी पेटी वाजवणारी माणसं आहेत ज्यांनी आयुष्यभर नाटकात नट कुठे श्वास घेतो ते बघून साथ केलीय, त्यांना पडद्यासमोर बसवा आणि सिनेमा आधी दोनदा दाखवा, त्यांना बरोबर समजेल कुठे थांबायचं.

'आफग्रुन्डन' तर डॅनिश फिल्म इन्स्टिट्यूटने ऑनलाइन मोफत बघायला ठेवलाय, सार्वजनिक खेळासाठी त्यांना एक मेल टाकून रीतसर विचारा. त्यातल्या पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या पाट्या अगदी मोजक्या आहेत, मी सगळ्या मराठीत करून ठेवल्यात, इंग्रजीवरून केल्यात, डॅनिश येणारं कुणी तुमच्यात असेल तर तपासून द्या. आमच्या गावात एक पेटीवाले काका तयार आहेत, त्यांनी सिनेमा तीनदा बघितलाय आणि शेवटच्या पायऱ्यांच्या सीनला काही वाजवणार नाही म्हणालेत, नुसता भाता चालू ठेवणार. प्रोजेक्टर आणि हॉल तेवढा तुमच्याकडून हवाय. 12 सप्टेंबरच्या आसपासचा रविवार मिळाला तर फार बरं होईल, नाही मिळाला तर कुठलाही चालेल, तारीख कळवा.

तुमची,
बावीस वर्षांपासूनची एक सभासद